चारशे अकरांपैकी एक

इदालिना बेटनकोर्टने सान लिसांद्रो कॉलेजात एकतीस वर्षे नोकरी केली. त्यांपैकी शेवटची एकोणीस वर्षे तिच्याकडे एकच काम होते. आपल्या कॉलेजातून किती विद्यार्थी विद्यापीठापर्यंत पोहोचले, हे मोजायचे. आमचे कॉलेज दोन वर्षांचे. ज्याला पूर्ण पदवी हवी असेल त्याने येथली दोन वर्षे संपवून उरलेली दोन विद्यापीठात काढायची. या ओलांडण्याला गावात सगळेच ‘पलीकडे जाणे’ म्हणतात. सर्वांत जवळचे विद्यापीठ उत्तरेला पन्नास मैलांवर आहे. रस्ता सरळ आहे आणि वाटेत गोठे व बदामाच्या बागा यांच्याखेरीज काही नाही. तरीही दरवर्षी तो रस्ता धरणारे थोडे आणि न धरणारे पुष्कळ, असेच होत आले.

तिची खोली प्रवेश कार्यालयाच्या मागे होती. पूर्वी तेथे व्यायामशाळेच्या गाद्या ठेवत असत, त्यामुळे खिडकी एकच आणि तीही छताजवळ. दाराला लागून दुसरी लहान खोली होती. तेथे जुन्या फाइली, एक टेबल आणि एक फोन होता. निवृत्त झाल्यावर मी दर गुरुवारी सकाळी तेथे जाऊन बसत असे. मी त्याच कॉलेजात गणित शिकवले होते, आणि कोणताही आकडा दुसऱ्या माणसाने तपासल्याशिवाय बाहेर जाऊ नये असे माझे मत होते. इदालिनाचेही तेच मत होते. आमची मैत्री एवढ्याच मतावर उभी होती, आणि ती पुरेशी मजबूत होती.

मोजणीची रीत सांगतो. एखाद्या वर्षी प्रथमच प्रवेश घेतलेले सगळे विद्यार्थी घ्यायचे. त्यांतून ज्यांनी साधारण चार विषयांएवढी बारा क्रेडिट पुरी केली आणि विद्यापीठाच्या तोडीचा गणिताचा किंवा इंग्रजीचा एक तरी वर्ग घेतला, तेवढे वेगळे काढायचे. अशांना पलीकडे जायचे होते, असे नियम धरून चालतो. त्यांना कोणी विचारत नाही. त्यांच्या वागण्यावरूनच त्यांचा हेतू ठरतो. मग सहा वर्षे थांबायचे. सहा वर्षांनंतर देशभरच्या विद्यापीठांच्या नोंदींतून त्यांची नावे शोधायची आणि जितकी सापडतील त्यांचे शेकडा प्रमाण काढायचे. तोच कॉलेजचा आकडा.

परंतु नोंदींत सगळी नावे सापडत नाहीत. मुली लग्न करतात आणि आडनाव बदलतात. काही मुले बापाचे आडनाव टाकून आईचे लावतात. इतर कॉलेजे अशांना ‘गेले नाहीत’ या रकान्यात ढकलून मोकळी होतात. इदालिना त्या प्रत्येकाला फोन करी. हे तिला कोणी सांगितलेले नव्हते.

त्यातही तिची शिस्त होती. दूध काढण्याच्या वेळेला गोठेवाल्यांच्या घरी फोन करायचा नाही. बदाम झाडून काढण्याचे दिवस संपेपर्यंत बागांतल्या घरांना हात लावायचा नाही, कारण त्या दिवसांत कोणी धड बोलत नाही. फोन उचलला गेला की तीन प्रश्न ठरलेले. सध्या एखाद्या विद्यापीठात आहात का, किंवा मध्यंतरी होतात का? नसाल, तर कॉलेजात आलात तेव्हा पुढे जाण्याची इच्छा होती का? आणि इच्छा होती तर कशामुळे राहिले? उत्तरे ती एका छापील कागदावर पेन्सिलीने लिही. एकदा कोणाच्या तरी आईने सांगितले की मुलगा वर उत्तरेत आहे, जेथे पाऊस थांबतच नाही अशा कुठल्याशा ठिकाणी. इदालिनाने दोन दिवस खपून ते विद्यापीठ हुडकून काढले आणि त्या मुलाला ‘गेले’ या रकान्यात बसवले. त्या दिवशी तिने माझ्यासाठी घरची गोड पावरोटी आणली होती.

तिचे स्वतःचे आयुष्य थोडक्यात सांगण्याजोगे आहे. तिचे आईबाप पोर्तुगीजांच्या अझोर बेटांवरून आले तेव्हा ती नऊ वर्षांची होती. बाप दुसऱ्याच्या गोठ्यात राबला आणि पुढे त्याने स्वतःचा गोठा केला. तो आता तिचा भाऊ अवेलिनो चालवतो. शाळा संपल्यावर दहाएक वर्षे ती बापाच्या गोठ्यातच राबली, मग कॉलेजच्या खिडकीवर गुणपत्रिका देण्याच्या कामावर लागली. आधी बापाचे आजारपण निघाले, मग आईचे, आणि ते बावीस वर्षे पुरले. लग्न झाले नाही. आई गेल्यावर गोठ्यामागच्या घरात ती एकटी राहिली. पोर्तुगीज मंडळींच्या सभागृहात उत्सवाच्या दिवशी रश्श्यात भिजवलेला पाव हजार माणसांना वाढतात. ती गेली चाळीस वर्षे मोठ्या पातेल्यामागे उभी राहून वाढत आली होती. बसून जेवताना तिला कोणी पाहिले असेल, असे मला वाटत नाही.

बावन्नाव्या वर्षी तिने माझ्या संख्याशास्त्राच्या वर्गात नाव घातले. जे मोजतो ते समजले पाहिजे, असे कारण तिने दिले आणि मला ते पटले. प्रवेशाच्या कागदावर उद्देशाचा चौकोन असतो. तेथे तिने ‘स्वतःच्या आवडीसाठी’ यावर खूण केली होती. संख्याशास्त्रानंतर तिने भूगर्भाचा वर्ग घेतला, मग इतिहासाचा, मग आणखी काही. दर सत्राला दोन वर्ग, कामाची वेळ संपल्यावर. कोणी विचारले तर म्हणे, डोके गंजू नये म्हणून. अवेलिनोने भर जेवणात एकदा तिची थट्टा केली होती, ती तिनेच मला सांगितली.

“अगं इदा, आमच्या गाईसुद्धा सहा वर्षांत गोठ्यातून निघतात. तू त्या कॉलेजातून कधी निघणार?”

“गाई कुठे जातात ते ठाऊक आहे मला,” ती त्याला म्हणाली होती. “त्यापेक्षा मी बरी.”

हे सांगताना ती हसली होती. मीही हसलो, आणि त्यामागे काही असेल असे मला सुचले नाही. आकड्यांतले न सांगितलेले हेरण्याचा मला अभिमान होता. माणसांच्या बाबतीत मी तितका सावध नव्हतो.

आता त्या ऑक्टोबरविषयी. ज्या गटाची सहा वर्षे तेव्हा संपली होती त्यात चारशे अकरा नावे होती. नोंदींत एकशे बारा सापडली. उरलेल्या दोनशे नव्व्याण्णवांना इदालिनाने महिनाभर फोन केले आणि आणखी अकरा जण पलीकडे गेल्याचे शोधून काढले. एकूण एकशे तेवीस झाले. चारशे अकरांतले एकशे तेवीस म्हणजे एकोणतीस पूर्णांक त्र्याण्णव शतांश टक्के. तक्त्यात दशांशाचे एकच स्थान लिहितात; तेव्हा एकोणतीस पूर्णांक नऊ.

कॉलेजचे अध्यक्ष डॉ. गार्नेट प्रुइट यांनी तीन वर्षांपूर्वी सभेत जाहीर केले होते की आपण तीस टक्के गाठू. प्रुइट भला माणूस. भरभर चालणारा, सगळ्यांची नावे पाठ असलेला. आकडा अजून तपासून व्हायचा होता, तरी त्यांनी फाटकावर लावण्याचा बॅनर छापून घेतला होता. त्यावर तीसचा आकडा माणसाच्या उंचीचा होता.

गुरुवारी मी पट्टी घेऊन याद्या तपासायला बसलो. यादीत नावे नसतात, क्रमांक असतात. तपासणाऱ्याने ओळखी काढू नयेत म्हणून तशी पद्धत आहे. न गेलेल्यांच्या दोनशे अठ्ठ्याऐंशी ओळी होत्या, आणि प्रत्येक ओळीपुढे फोनची खूण होती: बोलणे झाले, नंबर बंद, कोणी उचलला नाही. मी पट्टी सरकवत शेवटपर्यंत आलो. एका ओळीपुढे काहीच नव्हते.

मी हाक मारून विचारले, “इदालिना, या ओळीला फोन का केला नाही?”

ती दारात आली. यादीकडे तिने पाहिले नाही.

“तो नंबर माझाच आहे, प्रोफेसर. मीच मला कसा फोन करू?”

मी पट्टी खाली ठेवली. हिशेब अगदी सरळ होता आणि मी तो सहा वर्षे मांडला नव्हता. प्रथमच घेतलेला प्रवेश, बारा क्रेडिट, आणि विद्यापीठाच्या तोडीचा गणिताचा वर्ग, तोही माझाच. नियमाने तिला उचलून गटात टाकले होते. चौकोनातल्या खुणेकडे नियम पाहत नाही.

ती म्हणाली की पहिल्या वर्षीच तिला हे कळले होते. दर वर्षी त्या गटाची यादी चाळताना तिचा क्रमांक तेथे उभा असे, आणि ती पान उलटून पुढे जाई. खूण करायची तर काय करायची, ते तिला ठरवता येत नव्हते. कोणी उचलला नाही, असे लिहिणे खोटे झाले असते.

मी पट्टी पुन्हा त्या ओळीवर ठेवली. मग म्हणालो की पद्धत सगळ्यांना सारखी असावी. दोनशे सत्त्याऐंशी जणांना विचारले आणि एकाला विचारले नाही, तर तक्ता अपुरा आहे. स्वतःची मुलाखत स्वतः घेऊ नये, हेही खरे. म्हणून तो फोन दुसऱ्याने करावा.

“तुम्ही करणार?”

“तुमची हरकत नसेल तर.”

“इथे समोर उभं राहून विचारा की. फोन कशाला?”

“इतरांना फोनवर विचारलं होतं,” मी म्हणालो.

तिने मान हलवली आणि आपल्या खुर्चीवर जाऊन बसली. मी मधले दार लावले, छापील कागद पुढे घेतला आणि टेबलावरच्या फोनवरून तिच्या टेबलाचा क्रमांक फिरवला. भिंत पातळ होती. घंटा मला दोन्हीकडून ऐकू आली. तीन घंटा झाल्यावर तिने उचलला.

मी आपले नाव आणि कॉलेजचे नाव सांगितले, जसे ती सांगत असे. वेळ सोयीची आहे का, हेही विचारले. ती हो म्हणाली. पहिल्या प्रश्नाला तिने नाही म्हटले. मग मी दुसरा प्रश्न वाचला: कॉलेजात आलात तेव्हा पुढे विद्यापीठात जाण्याची इच्छा होती का?

  प्रवेश कार्यालयात कोणी तरी मोठ्याने हसले. मी पेन्सिल कागदाला टेकवून बसलो. उत्तराची वाट पाहताना काही सुचवायचे नाही, हा तिचाच नियम होता.

“हो,” ती म्हणाली.

मी लिहिले. तिसरा प्रश्न वाचला: कशामुळे राहिले?

“अर्जाची मुदत ऑक्टोबर, नोव्हेंबर असते,” ती सावकाश बोलली. “ते दोन महिने मी लोकांना फोन करते. तुम्ही का गेला नाहीत म्हणून विचारते. दिवसाला पंधरा-वीस जणांना. संध्याकाळी घरी गेलं की मग तोच अर्ज उघडायचं बळ राहत नाही. सहा वर्षं असंच झालं. लिहिलंत?”

“लिहितो आहे.”

“आणि दुसरं म्हणजे, गेले असते तर कोणाला सांगितलं असतं? अवेलिनोला? तो गाईंना सांगून आला असता. हे नाही लिहिलं तरी चालेल.”

मी ते लिहिले नाही. आभार मानून फोन ठेवला, खाली तारीख घातली आणि सही केली. मग दार उघडले. ती पुढच्या कामाला लागली होती.  त्या ओळीपुढे आता खूण होती: बोलणे झाले.

सोमवारी प्रुइटसाहेबांनी तिला बोलावले. कागद दाखवायचे असल्याने मीही बरोबर गेलो. आकडा ऐकून त्यांनी आधी विचारले की एकोणतीस पूर्णांक त्र्याण्णव म्हणजे तीसच ना? इदालिनाने दशांशाचे स्थान समजावून सांगितले. मग त्यांनी न गेलेल्यांची यादी मागितली. अध्यक्ष म्हणून त्यांना नावे पाहण्याचा अधिकार होता. यादीवर बोट फिरवता फिरवता ते एका ठिकाणी थांबले.

“इदालिना, ह्या तुम्ही?”

“हो.”

“पण तुम्ही तर इथे नोकरीला आहात.”

“नोकरीला आहे, आणि विद्यार्थीही आहे.”

प्रुइटसाहेबांचा चेहरा एकदम उजळला. त्यांनी पाठीमागच्या कपाटातून नियमांचे पुस्तक काढले. ज्या विद्यार्थ्याला पुढे जायचेच नव्हते त्याने तसे लिहून सही करून दिले, तर त्याला गटातून वगळता येते. हे कलम इदालिनालाही ठाऊक होते. ते पान तिनेच टाइप केले होते. ती वगळली गेली की गट चारशे दहाचा होतो. चारशे दहांतले एकशे तेवीस म्हणजे बरोबर तीस टक्के, शेषही उरत नाही. हा भागाकार खोलीतल्या तिघांनीही मनात केला, आणि तिघांचाही एकाच वेळी पुरा झाला.

त्यांनी कागद पुढे ठेवला. त्यात काही वावगे आहे, असे त्यांना खरोखरच वाटत नव्हते. ते म्हणाले की अठ्ठावन्नाव्या वर्षी, तीस वर्षांच्या नोकरीनंतर, डोके ताजे राहावे म्हणून वर्ग घेणाऱ्या बाईला विद्यार्थ्यांच्या अपयशात मोजणे हाच मुळात नियमाचा दोष आहे. शिवाय प्रवेशाच्या कागदावर तिने स्वतः ‘आवडीसाठी’ यावर खूण केली आहे. मग ही सही म्हणजे नवे काहीच नाही, तेव्हा लिहिले तेच पुन्हा लिहायचे.

इदालिनाने कागद उचलून वाचला. एकच वाक्य होते: विद्यापीठात जाण्याचा माझा हेतू कधीही नव्हता. तिने ते दोनदा वाचले असावे. नंतर तिने तो कागद त्यांच्या बाजूला वळवून ठेवला.

“गुरुवारी माझं फोनवर बोलणं झालंय, साहेब. उत्तर नोंदलेलं आहे.”

त्यांनी माझ्याकडे पाहिले. मी छापील कागद पुढे सरकवला. त्यांनी दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर वाचले आणि खाली माझी सही पाहिली.

“तुम्ही दोघे मिळून...” एवढे बोलून ते थांबले. मग आवाज खाली आणून म्हणाले, “बरं, इच्छा होती. पण तुम्ही अर्ज केलात का कधी?”

“नाही.”

“आता करणार आहात?”

“ठाऊक नाही.”

“आणि आता गेलात तरी या आकड्यात धरता येणार नाही. सहा वर्षं उन्हाळ्यातच संपली.”

“मला माहीत आहे.”

“मग एका ओळीसाठी एवढं कशाला, इदालिना? माझ्याकडे बॅनर आहे.”

ती उठून उभी राहिली. तिचा आवाज नेहमीपेक्षा वर गेला नाही.

“ती ओळ मी आहे, साहेब. एरवी कुठे लिहिलेलं नाही की मला जायचं होतं. इथेच तेवढं आहे.”

प्रुइटसाहेबांनी तो कागद परत घेतला. आकडा एकोणतीस पूर्णांक नऊ असाच बाहेर गेला. त्यांनी तिच्यावर राग धरला नाही. परंतु प्रवेश कार्यालयावरून जाताना ते तिच्या दाराशी थांबून चौकशी करत असत, ती तेव्हापासून बंद झाली. कार्यालयातल्या इतरांना कोठून तरी कळले की इदालिनामुळे तीस हुकले. कॉफीच्या टेबलाशी कोणी तरी म्हणाले की सगळ्यांची वरात अडवून बसलेली नवरी ती हीच. ती आली की बोलणे थांबे. तिने कॉफी घरून आणायला सुरुवात केली.

नोव्हेंबरात आमच्या सपाट दरीत धुके उतरले. महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात मी गेलो तेव्हा तिने विचारले की अर्जातल्या एका रकान्यात कुटुंबात पदवी घेतलेले कोण, असे विचारले आहे, तेथे शून्य लिहायचे की रिकामे सोडायचे. मी म्हणालो की शून्य आणि रिकामे यांत फरक आहे. तिने शून्य लिहिले. यापलीकडे मी त्या अर्जाला हात लावला नाही.

वसंतात प्रवेश मिळाल्याचे पत्र आले. विद्यापीठातले वर्ग दिवसाचे होते, म्हणून तिला नोकरी सोडावी लागली. तिने राजीनामा दिला आणि त्या वर्षीच्या उत्सवातही नेहमीप्रमाणे पातेल्यामागे उभी राहिली. अवेलिनोला तिने तेथेच, वाढता वाढता सांगितले. त्याने हातातला डाव पातेल्यात ठेवला आणि विचारले, “आणि घराचं काय?” एवढेच. घराला कुलूप लागले. तिने विद्यापीठाच्या गावात एक खोली घेतली.

ऑगस्टमध्ये, वर्गांच्या पहिल्या दिवशी, तिचे सामान मी माझ्या गाडीतून नेले.  विद्यापीठाच्या आवारात गाड्यांची जागा फार लांब होती. तेथून इमारतींपर्यंत मुलांची मोठी रीघ चालली होती. सगळी विशीतली, सगळी एकमेकांशी बोलणारी. इदालिनाने वेळापत्रक पुन्हा पाहिले. माझा हात हातात घेऊन क्षणभर दाबला आणि त्या रिघेत शिरली. तिच्या दोन्ही बाजूंनी मुले पुढे जात होती. तिला वळसा घालताना त्यांचे बोलणे खंडत नव्हते.

विज्ञानाच्या इमारतीपाशी ती रिघेतून बाहेर पडली आणि कडेच्या दाराशी गेली. ते बंद होते. तिने एकदा ओढून पाहिले, एकदा ढकलून पाहिले. काचेला कपाळ लावून आत पाहिले. समोरचे मोठे दार मला गाडीतून दिसत होते. परंतु अंतर हाक पोहोचेल एवढे थोडे नव्हते, आणि पोहोचती तरी मी ती मारली असती की नाही, हे मला सांगता येत नाही. तिने पिशवी या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतली आणि भिंतीच्या कडेकडेने, घाई न करता, दुसरे दार शोधत चालू लागली.